संत अगाथेचं पाणी

सोल्ना गुरा, १२ फेब्रुवारी २००४

प्रिय हिरेक,

बाबांनी मिठात कोरलेली आई ज्या दालनात आहे, ती खाणीतली वाट एक जुलैपासून प्रवाशांसाठी बंद होणार आहे. बातमी पक्की आहे. एडेक कुर्पिएलने सांगितली, आणि कचेरीत छापून आलेला नवा नकाशा त्याने स्वतः पाहिलाय. अर्ध्या दिवसाची सहल आता दोन तासांत उरकणार. जुन्या बोगद्याचे लाकडी टेकू बदलायचे आहेत, त्याला पाच वर्षं लागतील म्हणतात. पाच वर्षांनी मी त्र्याहत्तर वर्षांची असेन. तीनशे चाळीस पायऱ्या तेव्हा मला उतरू देतील असं वाटत नाही.

एडेक तुला आठवणार नाही. बाबांचे खाणीतले जोडीदार थोरले कुर्पिएल, त्यांचा मुलगा. तू देश सोडलास तेव्हा रांगत होता. आता खाणीत वाटाड्या आहे, कोटाची खालची दोन बटणं लागत नाहीत.

सोमवारी आईचा नामदिन, तिच्या नावाच्या संताचा दिवस, झाला. दरवर्षीप्रमाणे मी सकाळी दहा वाजताच्या पोलिश टोळीबरोबर खाली गेले. चौदा माणसं होतो, बहुतेक लुब्लिनकडचे शिक्षक. एक बाई प्रत्येक भिंत चाटून बघत होती. एडेक म्हणाला, "बाई, थोडी खाण पुढच्या टोळीला ठेवा." तिथली दारं तुला ठाऊक आहेत, मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. त्यामुळे प्रत्येक दाराशी तो ओरडतो, "शेवटी कोण?" आणि शेवटच्या माणसाने नाव सांगायचं, म्हणजे दार लावता येतं. बावीस वर्षं शेवटी मीच असते. "लुद्विका!" म्हणते, माझ्या मागे दार बंद होतं आणि आम्ही पुढे जातो.

आई आहे तिथेच आहे. गुडघे टेकून, हात जोडून, रुमाल डोक्यावरून घेतलेला.

निवृत्त झालो की येईन, असं तू लिहिलं होतंस. निवृत्त होऊन तुला वर्ष झालं. एक मेपासून आपला देश युरोपीय संघात जाणार, म्हणजे सरहद्दीचं कारणही संपलं. आता नवीन शोध.

देव भलं करो,
लुद्का


गोथेनबर्ग, १ मार्च २००४

प्रिय लुद्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा बातमीसाठी, एकदा टोमण्यांसाठी, आणि एकदा घरात पोलिश वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

नवीन कारण शोधलं आहे. पाठ. तेहेतीस वर्षं बंदराच्या खानावळीत बटाट्यांची पातेली उचलली, त्याचं बक्षीस. डॉक्टर म्हणतो रोज चाला. मी रोज बंदरापर्यंत चालतो, बाकावर बसतो, परत येतो. वाटेत कोणी भेटलं तर हवेबद्दल दोन वाक्यं होतात. इथली माणसं भली आहेत, पण इतक्या वर्षांत मला स्वीडिशमध्ये शिव्या देणारा एकही मित्र मिळाला नाही. मुलगा नाताळात फोन करतो. मी ठीक आहे असं सांगतो, तोही ठीक आहे असं सांगतो.

पण तू आईबद्दल एकच ओळ लिहिलीस, तीही गुडघ्यांची आणि रुमालाची. चेहऱ्याचं लिही ना. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. घर जळालं त्यात लग्नाचा फोटोही गेला. तुला खरी आई आठवते, मला फक्त मिठाची. तीही एकदाच पाहिलेली, अकराव्या वर्षी, खाणीतल्या प्रार्थनेच्या दिवशी, बाबांच्या खांद्यामागून. एक्क्याण्णव साली आलो तेव्हा नेमकी खाण बंद होती आणि आपण चारही दिवस भांडत होतो. आता रात्री डोळे मिटून आठवायला जातो तर रुमाल दिसतो आणि रुमालाच्या आत काही नसतं. भुवई वर होती का? कुठली?

एक बातमी माझ्याकडेही आहे. शेजारची गुनव्होर ईस्टरनंतर तिच्या म्हाताऱ्यांच्या मंडळाबरोबर क्राकूवला जाते आहे. कार्यक्रमात छापलंय, "मिठाची खाण, वाटाड्यासह, अर्धा दिवस". तिला मी मूर्तीचं चित्र काढून दिलं आणि फोटो आणायला सांगितलाय.

तुझा,
हिरेक


सोल्ना गुरा, १४ मार्च २००४

प्रिय हिरेक,

त्या बिचाऱ्या बाईला कशाला त्रास देतोस? खाली फोटो नीट येत नाहीत. कॅमेऱ्याच्या झोताचा उजेड मिठावर पडला की सगळं पांढरं होतं. शिवाय परक्या भाषेच्या टोळ्या घाईत असतात, त्यांना त्या दालनापर्यंत नेतातच असं नाही. तिला सांग, दोन चांगले मेणबत्तीचे दिवे घेऊन ये, मिठाचे, ते इथे स्वस्त मिळतात.

चेहऱ्याचं मीच सांगते. कपाळ रुंद आहे. डावी भुवई उजवीपेक्षा थोडी वर, जणू कोणी उशिरा घरी आलंय आणि ती काही बोलत नाही. नाक सरळ, शेंड्याशी जरा जाड. वरचा ओठ पातळ, खालचा भरलेला. हनुवटीला खळी, अगदी मधोमध नाही, थोडी डावीकडे. गालाची हाडं वर आलेली, त्यामुळे डोळ्यांखाली सावली पडते. कान रुमालाखाली आहेत. मान लांब. हसत नाही, पण आता हसेल असं वाटतं, आणि मग हसत नाही.

पुरे झालं ना?

ईस्टर आला की मला एक अडचण होते. चर्चमधून आणलेलं आशीर्वादाचं अंडं वाटून खायचं असतं, आणि वाटायला दोन माणसं लागतात. मागच्या वर्षी मी ते दोन ताटल्यांत ठेवलं. एका ताटलीतलं खाल्लं, मग खुर्ची बदलून दुसऱ्या ताटलीतलं खाल्लं. हसू नकोस. एडेकची बायको बोलावते, पण त्यांच्याकडे पाच पोरं आणि सासू आहे, तिथे माझ्यासाठी प्रत्येक वेळी स्टूल आणावं लागतं.

पाठीवर कोबीची पानं बांध. डॉक्टरला काय कळतंय!

देव भलं करो,
लुद्का


गोथेनबर्ग, २५ एप्रिल २००४

लुद्का,

गुनव्होर परत आली. मेणबत्तीचे दिवे आणले, दोन. फोटोही आणला.

तो माझ्यासमोर टेबलावर आहे. उजेड चांगला आहे, सगळं पांढरं वगैरे झालेलं नाही. गुडघे आहेत, हात आहेत, रुमालाच्या चुण्या मोजता येतात. चेहरा नाही. फुटलेला नाही, झिजलेला आहे, नदीतल्या गोट्यासारखा. नाकाच्या जागी एक उंचवटा, बस.

आधी मी गुनव्होरवरच ओरडलो. म्हटलं भलत्याच मूर्तीचा फोटो काढलास. ती शांतपणे म्हणाली, "हिएरोनिम, तू काढलेल्या चित्रात तिच्या उजव्या हाताचं बोट तुटलेलं आहे. इथेही आहे." ते बोट बाबांच्या हातून निसटलं होतं, आठवतं ना. म्हणजे मूर्ती तीच. वाटाड्या इंग्रजीत म्हणाला म्हणे, की तुमच्यासारख्या लाखो पाहुण्यांच्या श्वासाने ही झिजली. ती बिचारी तिथून दालनाबाहेर येईपर्यंत श्वास रोखून चालली.

आता मला सांग. मूर्तीला चेहरा नाही आणि तू मला पानभर चेहरा लिहून पाठवलास. खळी मधोमध नाही, थोडी डावीकडे! गेले पाच आठवडे तुझं ते पान मी खिशात घेऊन हिंडतोय. बाकावर बसून वाचतोय. तू ते कुठून लिहिलंस? आठवणीतून? मग तसं म्हणायचं होतंस. आणि चेहरा गेलाय हे माहीत होतं, तर वाट बंद होतेय, ये ये, असं का लिहिलंस? तिथे बघायला काही उरलंच नाही, तर मी कशाला येऊ?

हिरेक


गोथेनबर्ग, १७ मे २००४
(पोस्टकार्ड, चित्र बंदराचं)

लुद्का, तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. शेवटचं वाक्य मी रागात लिहिलं. पोस्टमन रोज साडेअकराला येतो, माझ्या दारावरून तसाच पुढे जातो. आजारी नाहीस ना? हि.


सोल्ना गुरा, २३ मे २००४

प्रिय हिरेक,

आजारी नाही. गुडघा सुजलाय, पण तो पत्र लिहिण्याच्या आड येत नाही. चार पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. हे पाचवं वाचून न बघता पाकिटात घालणार आहे.

चेहरा पाहुण्यांच्या श्वासाने गेला नाही. माझ्या हाताने गेला.

पाच फेब्रुवारीला, संत अगाथेच्या दिवशी, आपल्याकडे पाद्री भाकरी, मीठ आणि पाणी मंतरून देतो. ते घरात असलं की आग लागत नाही. आई एकही वर्ष चुकायची नाही. चव्वेचाळीस साली तिने अर्धी बाटली शेजारच्या कुबिनाबाईंना दिली, आणि पुढच्या जानेवारीत आपलं घर जळालं, त्यांचं राहिलं. तू लहान होतास. ती शेवटच्या तापात पडली तेव्हाही तेच बडबडत होती, पाणी पुरलं नाही, पाणी पुरलं नाही. मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, मी मोठी झाले की तिला भरपूर आणून देईन.

बाबा गेले ब्याऐंशीच्या जानेवारीत. सरकारने तुला येऊ दिलं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी तुला नऊ वर्षं बोल लावले, आणि तू आलास तेव्हा थडग्यापाशीही लावले. शवपेटी उचलायला घरचा एकही पुरुष नव्हता, त्याचा राग कोणावर तरी काढायचा होता. बाबांना पुरलं आणि तीन आठवड्यांनी आईचा नामदिन आला. घरात कोणी नाही. मी अगाथेच्या पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि सहलीच्या टोळीबरोबर खाली गेले. सगळ्यांच्या शेवटी राहिले. माणसं पुढच्या दालनाकडे वळली तेव्हा रुमाल भिजवून तिचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, डोळे. ताप आलेल्या माणसाचं पुसतात तसं. मग "लुद्विका!" म्हणून दारातून गेले. तेव्हापासून दरवर्षी.

तू म्हणशील, खाणीतल्या माणसाची मुलगी ना तू! बाबांनी आपल्याला ते 'आमच्या पित्या' प्रार्थनेच्याही आधी शिकवलं होतं. मूर्तीवरची काजळी पुसायची तर पिंपातल्या खाऱ्या पाण्यानेच, ज्यात आणखी चिमूटभरही मीठ विरघळत नाही. साध्या पाण्याचा थेंब लावायचा नाही, ते मूर्ती खातं. मला माहीत होतं. पण हे साधं पाणी नव्हतं ना, हिरेक. हे मंतरलेलं होतं. अगाथेचं पाणी घर वाचवतं, ते चेहरा कसा खाईल?

पहिली दहा-बारा वर्षं काही कळलं नाही. मग नाकाचा शेंडा गेला, मी म्हटलं दिव्यांची उष्णता. एडेक पाहुण्यांवर ओरडायला लागला, हात लावू नका, तोंडावर श्वास सोडू नका, आणि मी मागे उभी राहून मान डोलवत होते. दोन हजार एक साली ओठ गेले. तेव्हा कळलं. कळल्यावरही दोन वर्षं पाणी नेलं. नेलं नाही तर तिला काय वाटेल, असं वाटायचं. या फेब्रुवारीत बाटली नेली आणि तशीच भरलेली परत आणली. पुसायला काही उरलं नव्हतं.

आता दुसरं. वर्णन मी आठवणीतून लिहिलं नाही. आरशात बघून लिहिलं.

त्रेपन्न साली बाबा मूर्ती करायला बसले तेव्हा त्यांच्यापाशीही फोटो नव्हता. त्यांनाही चेहरा नीट आठवत नव्हता. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. तीन रविवार त्यांनी मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, आजीचा रुमाल डोक्यावर घालून. म्हणायचे, "तुझी हनुवटी तिचीच आहे, बाकीचं मी बघतो." बाकीचं त्यांना जमलं नाही. चेहरा माझाच उतरला. मी सतरा वर्षांची होते, चर्चच्या मैदानावर नाच चालू होता, आणि मी घरात स्टुलावर. डावी भुवई वर गेली ती त्या रागाने. बाबांनी मला शपथ घातली. म्हणाले, "हिरेकला सांगू नकोस, त्याच्याकडे एवढीच आई आहे."

म्हणून सांगितलं नाही. आणि मार्चमध्ये खोटं लिहिलं ते एवढ्यासाठी, की तू आईला बघायला येशील हे मला माहीत होतं. मला बघायला येशील याची खात्री नव्हती. तू विचारलंस, मी कशाला येऊ. तिथे आता बघायला काही नाही, हे खरं आहे.

लुद्का


गोथेनबर्ग, ६ जून २००४

प्रिय लुद्का,

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमन थांबला म्हणून मी त्याला कॉफी दिली. तो घाबरला.

पहिल्या दिवशी मी फार चिडलो, ते लपवत नाही. बंदरावर गेलो नाही. दुपारी गुनव्होरने दार वाजवलं, मी उघडलं नाही. तीन वर्षांच्या पोराकडून आई गेली, मग बासष्टाव्या वर्षी पुन्हा गेली, आणि ही तर आईच नव्हती म्हणे. सगळा दिवस मी तो फोटो आणि तुझं वर्णनाचं पान शेजारी शेजारी ठेवून बसलो होतो.

संध्याकाळी एक गोष्ट आठवली. तू लिहिलं नसतंस तर कधी आठवली नसती. अकराव्या वर्षी, प्रार्थनेच्या दिवशी, ती मूर्ती बघून मी बाबांच्या कानात विचारलं होतं, "आई आपल्या लुद्कासारखी रागावलेली का आहे?" बाबांनी वळून पाहिलं, मला वाटलं आता मार बसणार. मग म्हणाले, "रागावलेली नाही रे. जेवण निवतंय म्हणून बोलावतेय."

आणि लुद्का, ते खरंच होतं. जेवायला मला तूच बोलवायचीस. दार उघडून, भुवई वर करून, एक शब्द न बोलता. नवव्या वर्षापासून चुलीपाशी तूच होतीस. मला दुसरी आई आठवत नाही याचं कारण मी इतकी वर्षं चुकीच्या जागी शोधत होतो.

पाण्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. खाणीतल्या माणसाच्या मुलीने मिठाला साधं पाणी लावलं, हे बाबांनी ऐकलं असतं तर पट्टा काढला असता. पण आईने ऐकलं असतं तर विचारलं असतं, पुरेसं होतं का.

आता कामाचं. बुधवार, २३ जूनची कार्ल्सक्रोनाहून ग्दिन्याची बोट. ग्दिन्यात एक जुना दोस्त आहे, त्याच्याकडे एक रात्र थांबतो, नाहीतर पाठ मोडेल. शुक्रवारी सकाळची क्राकूवची गाडी. शनिवारी २६ तारखेला दहाच्या टोळीत माझ्यासाठी जागा धर. बघायला काही नाही ते बघतो, मग घरी जेवायला येतो.

बिटाचं सूप कर. इथे मिळतं त्याला मी सूप म्हणत नाही.

देव भलं करो (चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहितोय),
हिरेक


सोल्ना गुरा, १५ जून २००४

प्रिय हिरेक,

जागा मिळाली, एक नाही, दोन. एडेकने काल स्वतः नावं लिहिली: हिएरोनिम आणि लुद्विका, शनिवार, २६ जून, सकाळी दहा. जुनी वाट तीस तारखेपर्यंत चालू आहे, हेही त्याने पुन्हा विचारून खात्री केली. माझ्या गुडघ्यासाठी खाणीच्या पाळण्यातून, त्या लोखंडी लिफ्टमधून, उतरायची परवानगी काढतो म्हणाला, एरवी पाहुण्यांना त्यातून फक्त वर आणतात. तुझी पाठही त्यात बसव म्हटलं, तर म्हणतो, "मावशी, पाळणा आहे, रुग्णवाहिका नाही." पण बसवेल.

त्याला मी पाण्याचं सांगितलं. कचेरीच्या पायरीवर उभी राहून सांगितलं, बसले असते तर रडले असते. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "म्हणजे मी बारा वर्षं त्या जर्मन पाहुण्यांवर उगाच ओरडलो?" आणि आत जाऊन दालनाबाहेरची 'मूर्तीवर श्वास सोडू नका' ही पाटी काढून आणली. आता ती माझ्या घरात आहे. तिचं काय करायचं ते तू आलास की ठरवू.

तुझी खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं. या घरात रात्री दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकायची मला सवय राहिलेली नाही, तेव्हा घोरलास तर भिंतीवर थाप मारीन. काही दिवसांनी तू परत जाशील, मग पुन्हा सवय मोडावी लागेल, हे मला माहीत आहे. अंडं ईस्टरचं नसलं तरी एक उकडून ठेवीन.

शुक्रवारी तुझी गाडी क्राकूवला चार वाजून वीस मिनिटांनी येते. मी फलाटावर येते. तेरा वर्षांत बदलले आहे, पण तुझ्याकडे वर्णन आहे.

शनिवारी मी बाटली घेणार नाही. रुमाल घेईन, कोरडा. टोळीच्या मागे हळू चालू, म्हणजे तिच्यापाशी आपल्याला एक-दोन मिनिटं मिळतील. मग एडेक दाराशी थांबेल आणि ओरडेल, "शेवटी कोण?"

या वेळी तू सांग.

देव भलं करो,
लुद्का